पिठातला क्रूस

“ओलं झालंय ते!” आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला.

डेलियाने अजून ताक ओतलंही नव्हतं. इनॅमलच्या तसराळ्यात नुसतं कोरडं पीठ होतं.

“आई, कोरडंच आहे अजून.”

“मग ते कोरडं झालंय. मला इथे ऐकू येतं.”

होनोरा कॉनबॉयला सत्त्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती. दोन वर्षांपूर्वी अंगणात पडून तिचा खुबा मोडला, तेव्हापासून ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पलंगावर होती आणि पलंगावरून घर चालवत होती. डोळ्यांना कमी दिसायचं, पण कान असे की कोंबडी अंड्यावरून उठली तरी हिला कळावं. पीठ चाळलं, मीठ पडलं, हात धुतले, हात धुतले नाहीत, प्रत्येक आवाजावर आतून शेरा ठरलेला. डेलियाच्या पावाला ती रोज नावं ठेवायची, आणि ताटलीत एक कणही ठेवायची नाही.

आज रविवार होता. सकाळी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या फाटकापाशी फ्रॅन्सी मॅकटर्ननने डेलियाला गाठलं होतं. टोपी हातात, नजर तिच्या बुटांवर. “दुपारी आहेस ना घरी? चारच्या सुमाराला येईन म्हणतो. जरा विचारायचं होतं तुला.”

सत्तावन्न वर्षांचा माणूस, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, टेकडीपलीकडे स्वतःची जमीन. असा माणूस टोपी काढून ‘जरा विचारायचं होतं’ म्हणतो तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या बिनलग्नाच्या बाईने काय समजायचं? फाटकापाशी उभ्या असलेल्या चार बायकांना जे समजलं तेच तिलाही समजलं. त्या एकदम आभाळाकडे बघायला लागल्या. तीन मैल सायकल मारत डेलिया घरी आली ती सारी वाट स्वतःला बजावत, की बाई, वेडी होऊ नकोस. आणि घरी आल्याबरोबर तिने निळा झगा काढून इस्त्रीला घेतला.

आईला सूप भरवता भरवता तिने सांगून टाकलं, “फ्रॅन्सी मॅकटर्नन येणारे चारला.”

“कशाला?”

“काहीतरी विचारायचंय म्हणाला.”

म्हातारीने चमचा तोंडात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाली, “त्याची आई एकदा चहाला आली होती आपल्याकडे. आठवतं ना?”

“आठवतं.”

“नाही, विसरली असशील म्हणून विचारलं.”

विसरायची सोयच नव्हती. ते एकोणीसशे एकोणसाठ साल. डेलिया पंचवीसची. मध्यस्थाने दोन्ही घरी खेटे घालून सगळं जमवत आणलं होतं. जमीन बघून झाली होती, गाई बघून झाल्या होत्या, फ्रॅन्सीने आणि डेलियाने एकमेकांना नाचाच्या वेळी पुरेसं बघितलं होतं. राहिला होता तो फक्त मिसेस मॅकटर्ननचा चहा. मुलीचं तोंड मुलगा बघतो, पाव त्याची आई बघते, असं त्या वेळी लिट्रिम परगण्यात म्हणत आणि त्यात थट्टा अजिबात नसे.

पावाची काळजी कॉनबॉयांना असायचं कारण नव्हतं. त्यांचा सोड्याचा पाव आसपासच्या सात गावांत नावाजलेला. होनोरा सून होऊन आली तेव्हा तिच्या सासूने तिला तो शिकवला, सासूला तिच्या सासूने. कागदावर काही नव्हतं. तीन पसे कणीक, एक पसा मैदा, मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा तळहातावर चोळून चोळून, खडा राहता कामा नये. ताक पीठ मागेल तेवढं. आणि मळायचा म्हणाल तर नाहीच. नुसतं गोळा करून थापायचं, सुरीने वर चीर पाडायची आणि भट्टीत सारायचं. ज्यांचा हात मळण्यात रमतो त्यांचा पाव विटेसारखा होतो.

त्यात कॉनबॉयांची एक खास रीत होती. सोडा पिठात घातला की पिठावर बोटाने क्रूस काढायचा. बाहेरचे बघणारे म्हणायचे, केवढी ही भक्ती! भक्ती कसली? त्या घरात एके काळी चार बायका एकाच स्वयंपाकघरात वावरत. सोडा पिठात म्हणजे पांढऱ्यात पांढरं. एकीने घालावा, तिला कोणीतरी हाक मारावी, दुसरीने येऊन पुन्हा घालावा, असं दोनतीनदा झालं. तेव्हापासून ही खूण. क्रूस दिसला म्हणजे सोडा पडलाय. दिसला नाही म्हणजे पडायचाय.

मिसेस मॅकटर्नन यायची त्या दिवशी डेलियाने सोडा घातला आणि अंगणापलीकडच्या दुधाच्या खोलीतून ताक आणायला गेली. परत आली तर पीठ सपाट.

“आई, मी सोडा घातला का गं?”

चुलीपाशी उभी असलेली होनोरा वळलीसुद्धा नाही. “क्रूस दिसतोय का?”

“नाही.”

“मग नाही घातलास. लक्ष कुठंय? आत्ताच त्यांच्या घरी नांदायला गेलीस वाटतं!”

डेलिया लाजली. लाजतच तिने पुन्हा अर्धा चमचा सोडा चोळला.

पाव दिसायला झक्क झाला होता. कापला तेव्हा आत पिवळे डाग दिसले. मिसेस मॅकटर्ननने एक घास घेतला, तो तोंडात तसाच धरला, चहाच्या घोटाबरोबर खाली ढकलला आणि उरलेला तुकडा रुमालात गुंडाळला. “घरी दाखवते,” एवढंच म्हणाली. आठ दिवसांनी मध्यस्थ आला तो दुसऱ्याच मुलीचं नाव सांगत आला. फ्रॅन्सीने बॉयल गावाजवळच्या रोझशी लग्न केलं. डेलियाचे दोघे भाऊ इंग्लंडला गेले, बहीण बॉस्टनला गेली, बाप मेला, आणि डेलिया राहिली. कुणी विचारलं तर आई हसून सांगायची, “आमची बाई सोडा दोनदा घालते!” लोक हसायचे. डेलियाही हसायची. अठ्ठावीस वर्षं ती हसत आली, कारण चूक तिचीच होती. आनंदाच्या भरात जी मुलगी एवढा एक क्रूस काढायला विसरते, तिने रडावं तरी कुणापाशी?

आज मात्र तिने सावकाश घेतलं. सोडा तळहातावर चोळला, चिमटीने तपासला, पिठात घातला, बोटांनी वरखाली केला. मग दोन बोटं जोडून पिठात खोल क्रूस काढला. इतका खोल की तसराळ्याचा तळ दिसला. तो बघून घेतला आणि ताक आणायला बाहेर पडली.

दुधाच्या खोलीच्या खिडकीला एक काच होती. तिच्यात डेलियाने केस सारखे केले, एक पिन काढून दुसरीकडे लावली, मान वळवून पाहिली. यात पाच मिनिटं गेली असतील. खोटं कशाला बोला, दहा गेली. कुंड्यातून ताक काढून, जग भरून ती परत आली.

तसराळं जिथल्या तिथे होतं. पीठ सपाट होतं.

“डेलिया,” आतून आवाज आला, जरा धाप लागल्यासारखा. “सोडा नाही घातलास तू अजून.”

जग हातात धरून डेलिया उभी राहिली. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हेच, की विसरलीस, पुन्हा विसरलीस, टवळे. अठ्ठावीस वर्षांची सवय ती. मग तिची नजर खाली गेली. टेबलापासून आतल्या खोलीच्या दारापर्यंत लाल फरशीवर पिठाचे गोल ठिपके उमटले होते, रुपयाएवढे, एका रांगेत. पहिला ठसठशीत, पुढचे पुसट होत गेलेले. काठीच्या रबरी टोकाचे.

ती दारात गेली. म्हातारी गळ्यापर्यंत पांघरूण ओढून, डोळे मिटून पडली होती. गाल लाल झाले होते. दोन वर्षं पलंगाच्या उशाशी नुसती लटकणारी काठी लटकलेलीच होती, पण तिचं टोक पांढरं होतं, आणि पांघरुणाच्या काठावर चार बोटं पांढरी उमटली होती.

दोन वर्षं. दोन वर्षं डेलिया या बाईला काखेत हात घालून उचलत होती. भांडं देत होती, धूत होती, पुसत होती. तिच्या पाठीत त्यापायी कायमची कळ बसली होती. आणि ही बाई चालत होती.

“नाही घातला का गं मी सोडा?” तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“मी ऐकत होते ना. डबा उघडल्याचा आवाजच नाही आला. तुझं लक्ष नसतं बाई. तेव्हाही नव्हतं.”

तेव्हाही. म्हातारी बोलून गेली, आणि त्या एका शब्दासरशी डेलियाला एकोणसाठ सालचं ते स्वयंपाकघर लख्ख दिसलं. चुलीपाशी पाठमोरी उभी असलेली आई. न वळता विचारलेला प्रश्न. वळली असती तर हाताला लागलेलं पीठ दिसलं असतं. चूक डेलियाची नव्हती. कधीच नव्हती. भाऊ जाणार होते, बहीण जाणार होती, म्हाताऱ्या आईबापांना एक पोर घरात हवं होतं, आणि त्यासाठी एकदा तळहात पिठावरून फिरवला की काम झालं होतं. अर्ध्या मिनिटाचंही काम नव्हतं ते.

खरं तर तिने ओरडायला हवं होतं. तसराळं उचलून भिंतीवर फेकायला हवं होतं. मी असतो तर फेकलं असतं, असं कुणीही म्हणेल. पण ओरडायची सवय लहानपणी लागते, त्रेपन्नाव्या वर्षी नाही.

“बरं,” डेलिया म्हणाली. “घालते.”

तिने डब्याचं झाकण मुद्दाम वाजवून उघडलं आणि त्या पिठात चांगली शीग लावून चमचाभर सोडा घातला. मग कपाटातून दुसरं तसराळं काढलं.

“आता काय काढलंस?”

“दोन करतेय. एक पाहुण्याला, एक आपल्याला.”

“एवढं पीठ! राजा येतोय का जेवायला?”

डेलियाने दुसऱ्या तसराळ्यात पीठ घेतलं. दुसऱ्या पिठात मोजून अर्धा चमचा. दोन्ही पाव थापले, आपल्याला ठेवायचा तो जरा लहान केला, दोन्हींवर चिरा पाडल्या आणि भट्टीत सारले. फरशीवरचे ठिपके तिने ओल्या फडक्याने पुसून काढले आणि निळा झगा घातला.

फ्रॅन्सी चारच्या ठोक्याला आला. बरोबर त्याचा कुत्रा होता, कॅप्टन नावाचा, काळापांढरा, थकलेला. त्याला फाटकाशी बांधून तो आत आला, आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, “नमस्कार मिसेस कॉनबॉय, बऱ्या आहात ना?”

“मी कुठली बरी,” आतून उत्तर आलं. “मी पडून असते.”

मोठ्या पावाचे चार तुकडे त्याने लोणी लावून खाल्ले. पाचवा डेलियाने न विचारता वाढला.

“असा पाव रोझला कधी जमला नाही,” तो म्हणाला, “देव तिला शांती देवो.”

“तुझ्या आईला तेव्हा आवडला नव्हता.”

फ्रॅन्सी हसला. “रुमालातून आणला होता तिने. माझ्यापुढे ठेवला नि म्हणाली, चाख. साबण होता नुसता! मी म्हटलं, अगं शिकेल की. तर आई म्हणते, जिला सोडा सांभाळता येत नाही ती गाई काय सांभाळणार.”

“मग तू काय म्हणालास?”

“मी काय म्हणणार? दूध काढायची वेळ झाली होती.”

डेलिया त्याच्याकडे बघत राहिली. अठ्ठावीस वर्षं ती ज्या माणसाला मुकली असं समजत होती, तो समोर बसून बोटाला लागलेलं लोणी चाटत होता. वाईट नव्हता बिचारा. दूध काढायची वेळ झाली की उठून जाणारा होता इतकंच. आणि तरीही तिचं काळीज धडधडत होतं, याचा तिला स्वतःचाच राग आला.

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तसं त्याचं चाललं होतं. ओल्या गवताचं झालं, नव्या पाद्रीबाबांच्या प्रवचनाचं झालं, कुणाच्या छपराचं झालं. शेवटी त्याने टोपी उचलली. “डेलिया, जरा बाहेर येतेस? विचारायचं होतं ना तुला.”

आतल्या खोलीत पलंग करकरला.

फाटकापाशी वारा होता. डेलियाने झग्याची कॉलर धरून ठेवली. फ्रॅन्सीने कुत्र्याच्या कानामागे खाजवलं, घसा साफ केला.

“नाही म्हणालीस तरी मला राग नाही हं. मी घर बंद करतोय. मुलगी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बोलावतेय कायमचं. पुढच्या रविवारची बोट आहे. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे कुत्रा ठेवू देत नाहीत.” त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. “कॅप्टनला ठेवून घेशील का तू? नऊ वर्षांचा आहे. गरीब आहे, कोंबड्यांच्या वाटेला जात नाही.”

डेलियाला वाटलं, आपण हसणार. मग वाटलं, हसलो तर थांबता येणार नाही. कुत्रा तिच्या बुटांचा वास घेत होता. इस्त्री केलेल्या बाहीवर एक घडी तशीच राहिली होती, ती तिला आत्ता दिसली.

“कधी आणशील?” तिने विचारलं.

“शनिवारी चालेल?”

“आण.”

“मला माहीतच होतं,” फ्रॅन्सी खूश होऊन म्हणाला, “गावात सगळे म्हणाले, डेलियाला विचार, ती नाही म्हणायची नाही.”

तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत ती तिथे उभी राहिली. कुत्र्याने दोनदा मागे वळून पाहिलं. फ्रॅन्सीने पाहिलं नाही.

ती घरात आली, किटली पुन्हा चुलीवर ठेवली आणि लहान पाव पाटावर घेतला. सुरी आत गेली तसा सोड्याचा उग्र वास आला. आतला गर पिवळा पडला होता, मध्ये मध्ये हिरवट. तिने दोन तुकडे कापले, एकाला लोणी लावलं, चहा केला, आणि ट्रे घेऊन आत गेली. आईला बसतं करायला काखेत हात घातला. आज ती नेहमीपेक्षा हलकी लागली.

“गेला का तो?” म्हातारीने विचारलं.

“गेला.”

“विचारलं?”

“विचारलं.”

“मग? तू काय म्हणालीस?”

“हो म्हटलं.”

म्हातारीचे हात पांघरुणावर चाचपडायला लागले.

“कधी?”

“शनिवारी.”

“ह्या शनिवारी? एवढ्यात?” आणि मग अगदी बारीक आवाजात, “आणि मी गं?”

डेलियाने ताटली तिच्या हातात दिली. “खा. पाव ऊन आहे तोवर बरा लागतो.”

म्हातारीने घास घेतला. डेलिया खुर्ची ओढून समोर बसली आणि बघत राहिली. जबडा दोनदा हलला आणि थांबला. म्हातारीचे कान तीक्ष्ण होते, पण जीभ त्याहूनही तयार होती. सत्तर वर्षं हा पाव ओळखणारी जीभ. तिने अंधुक डोळे वर केले आणि लेकीकडे पाहिलं. डेलियाने नजर हलवली नाही.

नुसतं ‘कडू लागतंय’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मग डेलिया म्हणाली असती, का गं कडू? सोडा तर मी आधी घातलाच नव्हता ना, तूच सांगितलंस. मग काठी, मग फरशी, मग एकोणसाठ साल, सगळं त्या पलंगावर येऊन पडलं असतं. डेलिया त्याचीच वाट बघत होती. तिला ते हवं होतं. म्हातारीने एकदा तोंड उघडावं, शिव्या द्याव्यात, रडावं, काहीही करावं, पण ते बोलावं.

म्हातारीने घास गिळला.

“छान झालाय,” ती म्हणाली.

डेलिया ऐकून घेत बसली. बाहेर कोंबड्या आत घ्यायची वेळ झाली होती. म्हातारी एकेक घास तोडत होती, चहाचा घोट न घेता गिळत होती, आणि गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते सोड्याचं होतं की शनिवारचं, ते डेलियाने विचारलं नाही. कुत्र्याचंही सांगितलं नाही. सांगणं एका वाक्याचं काम होतं, पण ते वाक्य तिच्याच्याने निघेना.

ताटली रिकामी झाली.

“अजून देऊ?” तिने विचारलं.

“दे,” म्हातारी म्हणाली. “दे गं बाळा.”

डेलियाने दुसरा तुकडा घेतला, त्याला कडेपर्यंत लोणी लावलं आणि आईच्या हातात दिला.